आधी हात, मग परवाना

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणे, जाळ्यात घेणे, फासा लावणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. म्हणजे रानातला एखादा बुलबुल जाळीत धरून, त्याच्या पायात ॲल्युमिनियमची कडी घालून, वजन-मापे टिपून काही मिनिटांत त्याला सोडून देणारा अभ्यासक कायद्याच्या लेखी शिकारच करत असतो. कलम १२ खालची परवानगी असेल तरच त्याला ती माफ असते. ही परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात आणि पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर त्याआधी केंद्र सरकारची संमती लागते. कायद्याचा हा कडकपणा योग्यच आहे. पण या कलमात विचारले जाते ते कारण: शिक्षण, संशोधन की व्यवस्थापन. जाळीत गुरफटलेला जीव ज्या हातांनी सोडवायचा, ते हात त्या कामासाठी तयार झाले आहेत का, हा प्रश्न कलमाच्या मजकुरात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की पक्षी आणि वटवाघळे पकडण्याच्या कामात हा प्रश्न पहिला असायला हवा आणि त्याचे उत्तर कागदावरून नव्हे, जाणत्या माणसासमोर काम करून दाखवून मिळायला हवे. त्यासाठी नवा कायदाही नको. परवानगीला अटी जोडण्याचा अधिकार त्याच कलमाने दिलेला आहे.

कडी घालण्याच्या कामाने जे ज्ञान दिले त्याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गच्या मॉर्टेन्सन या शिक्षकाने स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक असलेल्या कड्या घातल्या आणि तिथून या कामाला शिस्त आली. आपल्याकडे त्याला मोठी चालना मिळाली ती एका आजारामुळे. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने आजारी पडली आणि विषाणू रशियातल्या एका आजाराच्या विषाणूचा नातलग निघाला. उत्तरेकडून येणारे स्थलांतरित पक्षी गोचिडांबरोबर तो घेऊन येतात का, हे तपासण्यासाठी १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कड्या घालायला सुरुवात केली. पक्ष्यांनी तो विषाणू आणल्याचे सिद्ध झाले नाही. पण भरतपूरला कडी घातलेली बदके सायबेरियात आणि मध्य आशियात सापडली, आणि आपल्या तळ्यांवर हिवाळ्यात उतरणारे थवे कुठले, हे अंदाजाऐवजी पुराव्याने सांगता येऊ लागले. तोच आजार, ज्याला कोकणात माकडताप म्हणतात, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात पसरला, तेव्हा रानातल्या प्राण्यांना हातात घेऊन तपासण्याचे काम किती जवळचे आहे हे पुन्हा दिसले. म्हणून पकडावे की नाही, हा इथला मुख्य मुद्दा नाही. कोणी पकडावे, हा आहे.

जाळीत नेमके काय घडते ते समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही. मिस्ट नेट ही मुळात जपानी पारध्यांची जाळी. धागा इतका बारीक, की झाडोऱ्याच्या पार्श्वभूमीवर ती दिसत नाही. दोन काठ्यांमध्ये ताणलेल्या आडव्या दोऱ्यांवर ती सैल लोंबते, त्यामुळे प्रत्येक दोरीखाली एक झोळ तयार होतो. पक्षी आदळतो आणि त्या झोळात पडतो. इथपर्यंत त्याला सहसा काही होत नाही. धोका सुरू होतो तो पुढे. पक्षी धडपडतो तसे धागे पंखाच्या सांध्यात, मांडीभोवती, कधी जिभेच्या मागच्या काट्यांमागे जातात. सोडवणाऱ्याने आधी बघायचे असते, की पक्षी जाळीच्या कोणत्या बाजूने आत शिरला. कारण तो त्याच बाजूने बाहेर निघू शकतो. हे न बघता ओढाताण केली की प्रत्येक सेकंदाला गुंता वाढतो. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते. म्हणून निसटू नये या भीतीने छातीवर मूठ आवळली, की पक्षी हातातल्या हातात गुदमरतो, आणि नवख्या माणसाला तो ‘शांत झाला’ असे वाटते. बरोबर पकड वेगळी असते: मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला, बाकीची बोटे नुसती कुंपणासारखी. हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागतात, बोटांत उतरायला कित्येक पक्षी लागतात, आणि त्यातला प्रत्येक पक्षी जिवंत असतो. शिंजीर काही ग्रॅमचा. त्याच्या अंगात राखीव शक्ती जवळजवळ नसते, म्हणून त्याला आधी सोडवायचे. तांबट आणि सुतार पक्षी नखांनी धागा घट्ट धरतात. रोहित आणि क्रौंच यांच्यासारखे लांब पायांचे पक्षी धडपडीत किंवा पाय दुमडून फार वेळ ठेवल्यास स्नायूंच्या अशा बिघाडाला बळी पडतात, की सोडल्यावर उभेच राहू शकत नाहीत. सर्वांत खालचा झोळ जमिनीला टेकला, तर मुंग्या आणि मुंगूस माणसाच्या आधी पोहोचतात. ऊन चढले, पाऊस आला किंवा वारा सुटला तर जाळी मिटायची. पोटावरची पिसे झडून कातडी उघडी पडली असेल तर तो अंडी उबवणारा पक्षी आहे, त्याला रांगेत थांबवायचे नाही.

या कामातल्या हानीचे मोजमाप झालेले आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या २२ संस्थांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सहा लाखांहून अधिक वेळा पक्षी पकडल्याच्या त्या नोंदींत मृत्यूचे प्रमाण ०.२३ टक्के आणि इजेचे ०.५९ टक्के निघाले. हे आकडे पाहून काही जण म्हणतात, की काम इतके सुरक्षित असेल तर पात्रतेचा एवढा बाऊ कशाला? मला त्यातून उलटा अर्थ दिसतो. हे आकडे नोंद ठेवणाऱ्या, माणसे तयार करणाऱ्या, इजा झाली तर ती लिहून ठेवण्याची सवय असलेल्या केंद्रांचे आहेत. जिथे शिकवणारा नाही आणि नोंदवहीही नाही, तिथले प्रमाण या सरासरीत आलेलेच नाही. त्याच अभ्यासात वेगवेगळ्या जातींना असलेला धोका खूप वेगवेगळा आढळला. याचा अर्थ असा, की सरासरी पाठ करून भागत नाही. समोरची जात कोणती आणि तिला कशाने त्रास होतो, हे ओळखावे लागते. शिवाय काही हानी मोजणाऱ्याच्या नजरेआड घडते. चुकीच्या मापाची कडी, दाबताना एकमेकांवर चढलेली तिची टोके, ताणला गेलेला पंख: पक्षी उडून जातो, वहीत ‘सुखरूप सोडला’ अशी नोंद होते आणि पुढचे काही कोणाला कळत नाही. अशा पक्ष्यामुळे मिळणारी माहितीही खोटी असते, कारण तो जातीचे सामान्य आयुष्य जगतच नाही. प्रशिक्षण हे पक्ष्यावर केलेले उपकार आहेत असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की संशोधनाच्या खरेपणाचीही ती अट आहे.

चुकीच्या खुणेने काय होते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण दक्षिण गोलार्धातले आहे. पेंग्विनचा पाय कडी घालण्याजोगा नसतो, म्हणून वर्षानुवर्षे त्याच्या पंखाला धातूची पट्टी लावली जाई. हिंदी महासागराच्या दक्षिणेकडल्या क्रोझे द्वीपसमूहात राज पेंग्विनांवर दहा वर्षे चाललेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टी असलेल्या पक्ष्यांची पिले ३९ टक्क्यांनी कमी झाली आणि त्यांचे तगून राहण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी घटले. पट्टी लावणारे हात इथे अनाडी नव्हते. चूक खुणेच्या निवडीत होती. पोहताना ती पट्टी पाण्याला अडवत होती. दुसरीकडे, १९५६ मध्ये मिडवे बेटावर कडी घातलेली विस्डम नावाची लेसन अल्बट्रॉस मादी २०२४ च्या अखेरीस पुन्हा अंडे घालताना दिसली. तिची कडी मधल्या काळात झिजत गेली आणि बदलावी लागली. ती वेळेवर बदलणारी माणसे होती म्हणून एका रानपक्ष्याचे सात दशकांचे आयुष्य आपल्याला माहीत आहे. या दोन उदाहरणांवरून मला म्हणायचे आहे, की पात्रता म्हणजे बोटांची सफाई एवढेच नाही. कोणती खूण, कोणत्या अंगावर, कोणत्या हंगामात आणि या वेळी जाळी उघडावीच का, हा निर्णय घेता येणे हा पात्रतेचा मोठा भाग आहे. जे प्रश्न दुर्बिणीने, आवाजांच्या नोंदीने किंवा गणनेने सुटतात त्यांच्यासाठी पक्षी हातात घेणाऱ्या माणसाला मी प्रशिक्षित म्हणणार नाही, त्याची बोटे कितीही चपळ असोत.

आता पदवीचा प्रश्न. आपल्याकडे नकळत असे गृहीत धरले जाते, की प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि संस्थेचे पत्र असले म्हणजे माणूस पक्षी पकडायला लायक झाला. या गृहीताला भारतातल्याच कड्या घालण्याच्या कामाचा इतिहास साक्ष देत नाही. सोसायटीच्या शिबिरांत पक्षी पकडण्याचे काम ज्यांच्या भरवशावर चालले ते बिहारमधले मीरशिकार होते, पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून पोट भरणारे. त्यांच्यातले अली हुसेन हे नाव भारतीय पक्षिशास्त्राच्या वर्तुळात आदराने घेतले जाते. कोणत्या चिखलात कोणता पक्षी पहाटे कुठून चालत येईल, फासा किती उंचीवर ठेवला म्हणजे पाय अडकेल पण दुखणार नाही, हे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात नव्हते. शास्त्रज्ञांनी ते त्यांच्याकडून घेतले आणि मोजमापाची, नोंदीची शिस्त त्याला जोडली. महाराष्ट्रात फासेपारध्यांच्या नावातच फासा आहे. १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. तित्तर पकडण्याचे त्यांचे कौशल्य आज फक्त गुन्हा म्हणून ओळखले जाते. करून दाखवण्यावर आधारलेली पात्रता आली तर हे हात प्रमाणित होऊ शकतील, सन्मानाने आणि मोबदल्यासह. पदवीवर आधारलेली पात्रता त्यांना कायमची दाराबाहेर ठेवील.

नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी २०१२ मध्ये अमूर ससाण्यांची जी प्रचंड कत्तल उघडकीस आली, तिच्यात पक्षी पकडण्यासाठी मासेमारीची जाळी वापरली गेली होती. वर्षभरात गावांनी ती शिकार थांबवली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच ठिकाणी तीन ससाणे पकडून त्यांच्या पाठीवर उपग्रह-प्रेषक बसवण्यात आले. त्यांच्या प्रवासाच्या रेषा भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेत गेल्या. ससाणा कुठे अडकतो हे त्या काठावर आधीपासून माहीत होते. फरक पडला तो हेतूत, पकडीत आणि पकडल्यानंतरच्या काळजीत. प्रशिक्षणाने द्यायचे ते हेच.

ज्या देशांत हे काम जुने आहे तिथे पात्रतेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ब्रिटनमध्ये ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी ही संस्था आधी शिकाऊ परवाना देते. तो प्रशिक्षकाच्या देखरेखीपुरता चालतो. नंतर मर्यादित परवाना, मग पूर्ण, आणि शिकवण्याचा अधिकार त्याहून वेगळा. उत्तर अमेरिकेत साहाय्यक, कडी घालणारा आणि प्रशिक्षक अशा तीन स्तरांसाठी परीक्षा आहेत, लेखीही आणि प्रत्यक्ष हाताळणीच्याही. यावर आक्षेप असा घेतला जातो, की एवढी चाळण लावली तर हौशी अभ्यासक पळून जातील आणि नागरिकांच्या सहभागातून उभे राहणारे विज्ञान खुंटेल. ब्रिटनचा अनुभव नेमका याच्या विरुद्ध आहे. तिथे दरवर्षी लाखो पक्ष्यांना कड्या घातल्या जातात आणि घालणारे बहुसंख्य लोक बिनपगारी स्वयंसेवक आहेत: शिक्षक, निवृत्त कर्मचारी, कारागीर. पायऱ्या स्पष्ट असल्यामुळेच सामान्य माणसाला त्या चढता येतात. पायऱ्या नसतात तेव्हा प्रवेश ओळखीवर आणि संस्थेच्या शिक्क्यावर ठरतो, आणि हौशी माणूसच सर्वांत आधी बाहेर पडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारत मोठा, जाती हजाराहून अधिक, आणि शिकवू शकणारी माणसे मोजकी. पात्रता सक्तीची केली तर काम बंद पडेल, असे म्हणणाऱ्यांची चिंता खोटी नाही. पण मोजकी माणसे आहेत म्हणून त्यांच्या हाताखाली न शिकलेल्यांना मोकळीक द्यावी, हे उत्तर होऊ शकत नाही. तमिळनाडूतल्या पॉइंट कॅलिमियरसारख्या ठिकाणी सोसायटीने वर्षानुवर्षे कड्या घालण्याचे काम केले आहे. तिथे शिकता येते. ठरावीक केंद्रांवर हंगामभर राहून शिकण्याची सोय वाढवणे, तिथे तयार झालेल्यांना दुय्यम प्रशिक्षक करणे आणि तोवर नव्या परवानग्या कमी देणे, हा मार्ग हळू आहे. काही वर्षे आकडे घटतील. ते घटलेले मला चालतील. घाईने वाढवलेल्या नोंदींपेक्षा कमी पण भरवशाच्या नोंदी अभ्यासाला अधिक उपयोगी पडतात.

आता तर प्रेषक आले, कॅमेरे आले, मग कडी आणि जाळी हवीच कशाला, असेही विचारले जाते. २०२२ मध्ये ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांवर प्रेषक बसवले गेले आणि ते गुजरातकडे कसे जातात-येतात हे नकाशावर दिसू लागले. पण प्रेषक बसवायलाही पक्षी पकडावाच लागतो. उलट तो जास्त वेळ हातात राहतो, त्याच्या अंगावर पट्टे बांधावे लागतात आणि प्रेषकाचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये हा दंडक सांभाळावा लागतो. दहा ग्रॅमच्या वटवट्याला या हिशेबाने बहुतेक यंत्रे झेपत नाहीत; तिथे अजून कडीच आहे. म्हणजे तंत्र जितके पुढे गेले तितकी हाताची कसोटी कडक झाली.

वटवाघळांसाठी ही कसोटी वेगळीच असायला हवी, आणि इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पक्ष्यांची जाळी संध्याकाळी तशीच उघडी ठेवली की वटवाघळे मिळतात, हा समज जीवघेणा आहे. वटवाघूळ अडकल्यावर धागे चावते आणि काही मिनिटांत स्वतःला इतके गुंडाळून घेते, की सोडवताना पंखाचा पातळ पडदा फाटतो. त्यामुळे जाळीपासून दूर जाता येत नाही. गुहेच्या तोंडाशी तर जाळी लावूच नये. तिथे हार्प ट्रॅप म्हणजे उभ्या तारांची चौकट आणि खाली पिशवी, हे साधन पुष्कळ सौम्य पडते. कडी पायात नव्हे, हाताच्या हाडावर, पडद्याला धरून बसते. तिच्या कडा वळवलेल्या नसतील तर ती पडद्यात रुतते. अमेरिकेत १९३२ पासून चाललेली वटवाघळांना कड्या घालण्याची सरकारी योजना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबवावी लागली. कड्यांमुळे होणाऱ्या जखमा आणि हिवाळी गुहांमधल्या निद्रेत येणारा व्यत्यय ही त्यामागची कारणे होती. गोव्याच्या सीमेजवळ, बेळगावच्या जंगलातल्या बारापेडे गुहेत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. १९१३ मध्ये वर्णन झालेली ही जात कित्येक दशके जगात फक्त त्या एका गुहेतून माहीत होती. अशा ठिकाणी पिलांच्या हंगामात एका अननुभवी तुकडीने घातलेला धुडगूस भरून निघणारा नसतो.

माणसाच्या बाजूनेही प्रश्न आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये वटवाघळांमधला रेबीजसदृश विषाणू ओळखला गेला आणि त्याने माणसे दगावली. त्या देशात पक्षी आणि वटवाघळे यांच्या कड्यांची योजना एकच आहे, पण वटवाघळे हाताळणाऱ्याने रेबीजची लस आधी घेतलेली असावी, अशी तिथे अपेक्षा असते. आपल्याकडे फळे खाणारी बहुतेक वटवाघळे २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत कायद्याने उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, त्यामुळे त्यांना पकडण्याबाबत कोणी फार विचारत नसे. ती यादी आता गेली आहे. म्हणून मुख्य वन्यजीव रक्षकांनी परवानगीत तीन साध्या अटी घालाव्यात, असे मला वाटते: अर्जदाराने कोणाच्या देखरेखीखाली किती प्राणी हाताळले याची स्वाक्षरी केलेली नोंदवही; इजा आणि मृत्यूची नोंद देण्याचे बंधन, आणि ती दिल्याबद्दल शिक्षा नाही; आणि वटवाघळांसाठी लसीकरणासह स्वतंत्र मंजुरी. पक्ष्यांच्या परवान्यावर वटवाघळे पकडता येऊ नयेत.

पुढच्या प्रकरणांत जाळी निवडण्यापासून ती उघडणे-मिटणे, गुंता सोडवणे, पकड, कडीची मापे, वय आणि नर-मादी ओळखणे, आजारी जिवाची लक्षणे आणि नोंदी यांची माहिती येते. ती कोणाला पात्र करण्यासाठी नाही. ही प्रकरणे वाचून झाल्यावर जाळी विकत घेण्याआधी प्रशिक्षक शोधावा आणि पहिला हंगाम त्याच्या शेजारी नोंदवही घेऊन बसावे. वजने लिहावीत, पिशव्या धुवाव्यात, दर वीस मिनिटांनी जाळ्यांच्या फेरीवर त्याच्यामागे चालावे आणि तो जाळी मिटवतो तेव्हा का मिटवली हे विचारून लिहून ठेवावे. पक्षी हातात कधी द्यायचा हे प्रशिक्षक ठरवील.